जुन्या ट्रॅव्हलरचं इंजिन: बांधणी आणि सुधारणा

करमाळ्याला रेल्वेनं यायचं तर उतरायचं जेऊरला. दौंड-सोलापूर मार्गावरच्या या गावातून आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांमधून जुन्या टेम्पो ट्रॅव्हलर अजून धावतात. लग्नाचं वऱ्हाड, पंढरपूरची एकादशी, तुळजापूर-अक्कलकोटचं दर्शन, शाळेची मुलं अशी त्यांची कामं. बॉडीला पत्रा मारून आणि रंग लावून गाडी आणखी दहा वर्षं चालवता येते. प्रश्न येतो तो इंजिनाचा.

इंजिन बांधून घेतलं की सगळं नवं झालं, असं मालकाला वाटतं. मात्र या भागातली बरीच इंजिनं म्हातारपणानं जात नाहीत. त्यांना उन्हाळ्यातला चाळीस अंशांवरचा पारा, उसाच्या हंगामातली रस्त्यावरची धूळ आणि बोअरवेलचं जड पाणी मारतं. नवे पिस्टन टाकले आणि रेडिएटर, एअर फिल्टर जुनेच ठेवले, तर नवे पिस्टनही त्याच वाटेनं जातात. म्हणून इंजिन कशानं गेलं ते आधी शोधायचं, मग इंजिन बांधायचं, आणि सुधारणेचा पैसा त्या कारणावर खर्च करायचा. पुढची सगळी कृती या क्रमानं दिली आहे.

हे इंजिन कोणतं?

बजाज टेम्पोनं ट्रॅव्हलर बाजारात आणली १९८७ साली. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं. गाडीचा सांगाडा मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनचा, इंजिनही मर्सिडीजच्याच घराण्यातलं, ओएम ६१६. हे इंजिन १९७३ मध्ये मर्सिडीज २४० डी या मोटारीतून आलं. चार सिलिंडर, सुमारे २.४ लिटर, बोअर जवळपास ९१ मिमी आणि स्ट्रोक ९२.४ मिमी. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असते आणि तिला दुहेरी चेन फिरवते. डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या छोट्या प्री-चेंबरमध्ये पेटतं. म्हणूनच थंडीत हीटर प्लग नसेल तर हे इंजिन उठत नाही.

खालची मापं मूळ ओएम ६१६ ची आहेत. तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

१. उघडण्याआधी रोग ओळखा

इंजिन चालू स्थितीत असेल तर ते गाडीतच तपासून घ्या. एकदा खोललं की यातलं बरंचसं कळायचा मार्ग बंद होतो.

- काळा धूर: डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर, नोझल आणि पंप बघा. एवढ्या एका खुणेवर इंजिन खोलू नका.
- निळा धूर: ऑईल जळतंय. सकाळी पहिल्या स्टार्टला धूर येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. चढावर, लोडवर सतत येत असेल तर रिंगांवर.
- पांढरा धूर: गार इंजिनावर थोडा चालतो. गरम झाल्यावरही येत असेल तर टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा हेडमधून पाणी झिरपणं यांपैकी काहीतरी आहे.
- ऑईल भरायचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवा. वाफेचे जोरदार झोत येत असतील तर पिस्टनच्या बाजूनं दाब खाली सुटतोय.
- रेडिएटरचं झाकण काढून, अर्थात इंजिन गार असताना, स्टार्ट करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा आहे.
- डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ दिसलं तर ऑईलमध्ये पाणी गेलंय. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

आता कॉम्प्रेशन मोजा. डिझेलचा गेज लागेल, पेट्रोलचा चालत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज हवी आणि इंजिन गरम. चांगल्या ओएम ६१६ मध्ये २२ ते २४ बार मिळतात. १५ बारच्या खाली गेलं की इंजिन थकलं. चारही सिलिंडरमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नको. ज्यात दाब कमी आहे त्यात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजा. दाब उसळला तर दोष रिंग-बोअरचा, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरमध्ये दाब एकदम कमी असेल तर त्यांच्या मधलं गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी.

ऑईलचा दाबही वेगळा गेज लावून घ्या. गरम इंजिनावर ३००० फेऱ्यांना किमान ३ बार हवा. तेवढा नसेल तर बेअरिंग झिजलीत किंवा ऑईल पंप.

सगळे आकडे एका वहीत लिहा. ही वही शेवटच्या पायरीपर्यंत लागणार आहे.

२. हाफ की फुल?

मिस्त्री विचारतो, "हाफ इंजिन करायचं की फुल?" हाफ म्हणजे हेड, रिंगा, बिग एंड बेअरिंग. फुल म्हणजे बोअर, पिस्टन, क्रँक, सगळं. याचं उत्तर अंदाजावर देऊ नका, मापावर द्या. ऑईलचा दाब चांगला, बोअरची झीज मर्यादेत आणि दोष फक्त हेडमध्ये असेल तर हाफमध्ये भागतं. दाबही कमी आणि बोअरही झिजलेला असताना फक्त रिंगा टाकल्या तर वर्षभरात पुन्हा तोच धूर येईल आणि हेड दुसऱ्यांदा उघडावं लागेल.

याच टप्प्यावर कागद बघून घ्या. जुन्याच ब्लॉकला बोअर मारून पिस्टन बदलले तर इंजिन नंबर तोच राहतो आणि आरसीत काही बदलत नाही. ब्लॉकच बदलला किंवा दुसऱ्या जातीचं इंजिन घातलं, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली नोंदणी अधिकाऱ्याकडे ते नोंदवावं लागतं. करमाळा तालुक्याच्या गाड्यांसाठी हे काम अकलूजच्या एमएच-४५ कार्यालयात. सेकंडहँड ब्लॉक घेताना मूळ बिल आणि त्यावरचा नंबर नसेल तर तो स्वस्त मिळत असला तरी सोडून द्या. उद्या अपघात झाला आणि आरसीतला नंबर जुळला नाही, तर विम्याच्या दाव्यात अडचण येते.

३. जागा आणि हत्यारं

सपाट फरशी हवी, मातीची जमीन नको. काळ्या मातीची धूळ ही उघड्या इंजिनाची शत्रू. छप्पर असलं तरी जोराच्या वाऱ्यात इंजिन जुळवू नका. भाग झाकायला स्वच्छ जुन्या चादरी आणि प्लास्टिक आधीच आणून ठेवा.

हत्यारांत चेन ब्लॉक आणि त्याला पेलेल अशी पक्की तुळई, टॉर्क रेंच, फिलर गेज, डायल गेज, आउटसाइड मायक्रोमीटर, रिंग कॉम्प्रेसर, सपाट कडेची स्टील पट्टी, आणि टॅपेटसाठी १४ नंबरचे पातळ पाने. बोअर गेज मशीन शॉपकडे असतो. तो गावात नसेल तर ब्लॉक टेंभुर्णी, कुर्डुवाडी किंवा बार्शीला न्या आणि मापं तुमच्यासमोर घ्यायला लावा.

४. इंजिन उतरवणं

बॅटरी सोडा. पाणी आणि ऑईल काढा. ऑईल एका स्वच्छ ताटात घ्या, त्यात चुंबक फिरवा. पितळी चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा थर निघालाय, पोलादी कण चुंबकाला चिकटले तर कॅम, चेन किंवा रिंग. हेही वहीत लिहा.

मग डिझेलच्या नळ्या, रिटर्न लाइन, वायरिंग, ॲक्सिलरेटरची केबल, सायलेन्सरचा पाईप, होज पाईप, रेडिएटर. पंप आणि नोझलच्या प्रत्येक उघड्या तोंडाला लगेच प्लास्टिकची टोपी लावा. मोबाईलवर प्रत्येक जोडणीचा फोटो काढा, वायरींना चिकटपट्टी लावून नंबर द्या.

इंजिनाचं वजन दोनशे किलोच्या आसपास भरतं. साखळी उचलण्याच्या हुकांनाच लावा, पंपाला किंवा मॅनिफोल्डला कधीच नाही. इंजिन हवेत असताना त्याच्याखाली हात-पाय घालू नका आणि पोऱ्यालाही घालू देऊ नका.

५. उघडणं आणि निशाण्या

हेडचे बोल्ट बाहेरून आत, तिरक्या क्रमानं, थोडे थोडे ढिले करा. इंजिन पूर्ण गार हवं. गरम हेड सोडलं तर ते वाकतं.

चेन सोडण्याआधी एक मोजमाप घ्या. कॅमशाफ्टवरची खूण पहिल्या पेडेस्टलवरच्या खुणेशी जुळवा आणि खाली क्रँकच्या पुलीवर किती अंश आले ते वाचा. शून्याच्या आसपास यायला हवं. ४ अंशांपेक्षा जास्त फरक म्हणजे चेन ताणलीय. फुल इंजिन करताना चेन, गाइड आणि टेन्शनर एकत्रच बदलावेत.

कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या टोप्या, मेन बेअरिंगच्या टोप्या, व्हॉल्व्ह, रॉकर, सगळ्यांना नंबर द्या. एका रॉडची टोपी दुसऱ्याला बसवली की बेअरिंगचा गोल बिघडतो. जुनी बेअरिंगसुद्धा नंबर टाकून ठेवा. कोणत्या बाजूनं झिजली यावरून रॉड वाकलाय की क्रँक, ते कळतं. पिस्टनचा स्कर्ट एका बाजूला ओरखडलेला असेल तर इंजिन तापलं होतं. रिंगांच्या पट्ट्यात बारीक उभे ओरखडे आणि बोअरच्या वरच्या भागातच जास्त झीज असेल तर एअर फिल्टरमधून धूळ गेलीय. पुढच्या सुधारणेची दिशा इथं ठरते.

६. धुणं

डिझेलनं धुऊन ग्रीस आणि काजळी जाते. तेवढ्यावर थांबू नका. ब्लॉकच्या बाजूच्या बुच्या काढा आणि पाण्याची वाट उघडी करा. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी घातलेल्या ब्लॉकमध्ये पांढरट खपली बसलेली असते. मागच्या सिलिंडरपाशी तर गाळ घट्ट होतो आणि तो सिलिंडर सगळ्यांत जास्त तापतो. मशीन शॉपच्या गरम केमिकल टाकीत ब्लॉक धुऊन घ्या. ऑईलच्या सगळ्या वाटा ब्रशनं आणि हवेच्या दाबानं साफ करा. क्रँकच्या आतल्या वाटाही विसरू नका.

७. मोजणं

प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी उभा-आडवा असा मोजा. झीज ०.१० मिमीच्या पुढे गेली तर बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागतो. बोअरची मर्यादा संपली असेल तर स्लीव्ह.

क्रँकचे मेन आणि बिग एंड जर्नल मोजा. ओरखडे नखाला लागत असतील किंवा गोलाई बिघडली असेल तर ग्राइंडिंग. बेअरिंग ०.२५ मिमीच्या टप्प्यात अंडरसाइज मिळतात. आधी बेअरिंग बाजारात मिळतेय का ते विचारा, मगच त्या साइजला ग्राइंड करून घ्या. शेवटच्या साइजला ग्राइंड झालेल्या क्रँकला पुढची संधी नसते.

हेडवर स्टील पट्टी ठेवून खालून फिलर गेज घालून बघा. लांबीत ०.०८ मिमीच्या वर फट दिसली तर सरफेसिंग लागेल. पण हेड किती घासता येतं याला मर्यादा आहे. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. सरफेसिंगनंतर व्हॉल्व्हची आणि प्री-चेंबरची पुढे आलेली उंची मॅन्युअलप्रमाणे तपासून घ्या.

८. मशीन शॉपकडून काय मागायचं

तोंडी सांगून येऊ नका, कागदावर लिहून द्या.

- नवे पिस्टन आधी त्याच्या हातात द्या. बोअर पिस्टनच्या मापावरून मारला जातो. पिस्टनच्या डब्यावर लिहिलेली मोकळीक ठेवायला सांगा.
- बोअरिंगनंतर होनिंग हवं आणि त्याच्या तिरक्या रेघा एकमेकींना छेदणाऱ्या दिसल्या पाहिजेत. त्या रेघांत ऑईल थांबतं आणि रिंगा बसतात. चकचकीत बोअर बघायला छान, पण त्यात रिंगा बसत नाहीत.
- हेड पाण्यात दाबाखाली तपासून घ्या. दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधली जागा तड्यासाठी बारकाईनं बघा.
- व्हॉल्व्ह गाइड, सीट कटिंग आणि व्हॉल्व्ह सील.
- क्रँक आणि फ्लायव्हील बॅलन्स.
- रॉड सरळ आहे का आणि लहान टोकाचं बुश.

ब्लॉक घरी आला की बोअर गरम पाणी, साबण आणि ब्रशनं धुवा. होनिंगचा दगडी चुरा डिझेलनं निघत नाही. पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवल्यावर पांढरंच बाहेर आलं पाहिजे. मग लगेच पुसून ऑईलचा हात द्या, नाहीतर तासाभरात गंज धरतो.

९. खालची जुळणी

बेअरिंगची पाठ आणि तिची बैठक कोरडी आणि स्वच्छ हवी, ऑईल फक्त आतल्या बाजूला. क्रँक बसवून मेन टोप्या ९० न्यूटन मीटरला कसा. प्रत्येक टोपी कसल्यावर क्रँक हातानं फिरवून बघा. जड झाला तर तिथंच थांबा आणि कारण शोधा. प्लास्टिगेजनं मोकळीक तपासा, ०.०३ ते ०.०७ मिमीच्या दरम्यान यायला हवी. क्रँकची पुढे-मागे हालचाल डायल गेजनं मोजा, ०.३० मिमीच्या वर नको.

जुन्या घडणीच्या इंजिनात क्रँकच्या मागे दोरीचं सील असतं. ती दोरी ऑईलमध्ये भिजवा, खाचेत दाबून बसवा आणि टोकं मॅन्युअलप्रमाणे कापा. हे घाईत झालं तर नव्या इंजिनाचं ऑईल क्लच प्लेटवर उतरतं.

प्रत्येक रिंग आधी बोअरमध्ये सरळ घालून तिच्या तोंडाची फट मोजा. या बोअरला साधारण ०.२० ते ०.४० मिमी. फट नसेल तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं भिडतात आणि पिस्टन जाम होतो. रिंगांची तोंडं एकमेकींपासून दूर फिरवून ठेवा. पिस्टनवरचा बाण पुढच्या बाजूला. रॉडचे बोल्ट नवे घ्या. ते आधी ४० ते ५० न्यूटन मीटरला आणि त्यावर ९० ते १०० अंश फिरवून कसले जातात. जुने ताणलेले बोल्ट पुन्हा वापरण्यात वाचतात थोडे पैसे. तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

ऑईल पंप झिजला असेल तर बदला. ऑईलचा चेंबर बसवण्याआधी पंपाची जाळी साफ करा.

१०. हेड, चेन आणि टॅपेट

गॅस्केट कोरडं बसवा, त्याला कसलीही चिकटी लावू नका. बोल्टची भोकं ऑईल-पाण्यापासून मोकळी करा. तळात द्रव राहिला तर बोल्ट कसताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. हेडच्या बोल्टचे दोन प्रकार मिळतात आणि दोघांची कसण्याची पद्धत वेगळी आहे. तुमच्याकडे कोणते आहेत ते बघून मॅन्युअलचा आकडा घ्या. मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्यानं.

चेन चढवून कॅम आणि क्रँकच्या खुणा जुळवा. मग क्रँक पान्यानं हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठं अडला तर जोर लावू नका, पिस्टन आणि व्हॉल्व्ह भिडताहेत. खुणा पुन्हा जुळल्या की टॅपेट लावा. गार इंजिनावर इनलेट ०.१०, एक्झॉस्ट ०.३० मिमी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

ब्रेकचा व्हॅक्यूम पंप इंजिनावर असो की अल्टरनेटरच्या मागे, तो आत्ताच तपासा. इंजिन नवं झालं आणि ब्रेक जड राहिला तर त्या कामाला अर्थ नाही.

११. पंप आणि नोझल

फ्युएल पंप घरी खोलू नका. तो टेस्ट बेंचवर लावून चारही सिलिंडरना सारखं डिझेल जातंय का ते बघावं लागतं. नोझल इथल्या मिस्त्रींच्या तोंडी अजून "मायको"चेच असतात. मायको कंपनीचं नाव पुढे बॉश झालं आणि नाशिकचा त्यांचा कारखाना नोझल आणि इंजेक्टरसाठीच ओळखला जातो. डबा सीलबंद आणि बिल पक्कं असलेलं घ्या. नकली नोझल महिनाभरात टपकायला लागतो.

नोझल ११५ ते १२५ बारला उघडावा. फवारा धुक्यासारखा, थेंब न गळता. चारही नोझल एकमेकांशी जुळलेले हवेत. तपासताना फवाऱ्यासमोर बोट कधीही नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि तिथून दवाखाना गाठावा लागतो. बसवताना नोझलखालची वॉशर प्रत्येक वेळी नवी. हीटर प्लगच्या भोकातला कार्बनही काढा.

पंपाचं टायमिंग ठिबक पद्धतीनं: पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर, पिस्टन वरच्या टोकाच्या २४ अंश आधी. पहिल्या डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या जागी वाकडी नळी लावा आणि ठिबकणं मंदावून सेकंदाला एखादा थेंब होईपर्यंत पंप खाचेत फिरवा. मग कसा.

१२. सुधारणा, त्यांच्या महत्त्वाच्या क्रमानं

पहिली हवा. तालुक्यात आदिनाथ आणि मकाईसारखे साखर कारखाने आहेत. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून जाणारी गाडी तासभर धुळीत असते. एअर फिल्टरचं घर, त्याचं रबर आणि इंजिनापर्यंतचा होज नवा घ्या. फिल्टरच्या आधी धूळ बाजूला टाकणारं सायक्लोन डबडं बसवा. फिल्टर आपटून साफ करण्याची सवय सोडा, कागद फाटला तर बाहेरून दिसत नाही.

दुसरं पाणी. रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घ्या, किंवा कोअर नवा आणि एक रांग जादा असलेला. पंख्याभोवतीचं आवरण फुटलेलं असेल तर तेही बदला, ते नसेल तर पंखा बाजूची हवाच फिरवत राहतो. थर्मोस्टॅट ८० अंशांचा नवा घ्या. "उन्हाळा आहे, काढून टाकू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. पाणी तेवढ्यानं रेडिएटरमध्ये थांबत नाही आणि इंजिन कधी योग्य तापमानावर राहत नाही. दाबाचं झाकण, वॉटर पंप, सगळे होज नवे. पाणी बोअरचं अजिबात नको, तयार कूलंट किंवा कूलंट मिसळलेलं डिस्टिल्ड वॉटर.

तिसरी सूचना देणारी साधनं. खऱ्या आकड्यांचा तापमान गेज आणि ऑईल प्रेशर गेज, आणि दोघांना जोडलेला बझर. तुळजापूरच्या घाटात गाडी भरलेली असताना ड्रायव्हरची नजर रस्त्यावर असते, काट्यावर नसते. या वस्तूला बाकीच्या सुधारणांच्या मानानं किरकोळ पैसे लागतात, पण ती सगळं इंजिन वाचवते.

चौथं डिझेल. पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि टाकी एकदा पूर्ण धुऊन घेणं.

पाचवा विचार टर्बोचा. ताकद वाढते हे खरं. पण मर्सिडीजनं १९७८ मध्ये याच घराण्यातल्या पाच सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो दिला तेव्हा पिस्टनच्या पोटावर ऑईलची पिचकारी आणि सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्हही दिले. साध्या ओएम ६१६ मध्ये ही सोय नाही. नुसता टर्बो चढवला आणि डिझेल वाढवलं तर पिस्टन आणि हेड तापतात. पंपाचं सील तोडून डिझेल वाढवणं तर त्याहून वाईट. ताकद थोडी, धूर फार, आणि जुन्या गाड्यांसाठी पीयूसीच्या धूर चाचणीतली ६५ हार्ट्रिजची मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. जास्त ताकद खरंच हवी असेल तर फोर्सचं २५९६ सीसीचं टर्बो इंजिन, त्याच्या क्लच-गिअरबॉक्ससकट, आधी परवानगी काढून बसवा. त्याच्या बोअरला ओएम ६१६ चंच माप आहे, स्ट्रोक १०० मिमीचा. भाड्याच्या गाडीला मात्र पहिल्या चार सुधारणा आणि नीट बांधलेलं मूळ इंजिन पुरतं.

१३. पहिला स्टार्ट

नवं मिनरल १५डब्ल्यू-४० ऑईल, नवा फिल्टर, कूलंट भरलेलं. हँड प्रायमरनं डिझेलमधली एअर काढा. मग पंपाची बंद करण्याची केबल ओढून धरा आणि ऑईलचा दाब गेजवर दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. दाब आल्याशिवाय इंजिन पेटवू नका.

एक माणूस इनटेकच्या तोंडापाशी प्लायवुडचा तुकडा घेऊन उभा राहू द्या. पंपाची रॅक अडकली आणि इंजिन सुसाट सुटलं तर हवा बंद करणं हा एकच उपाय उरतो. हात किंवा फडकं वापरू नका, इंजिन ते आत ओढून घेतं.

पेटल्यावर १५०० फेऱ्यांच्या आसपास पंधरा-वीस मिनिटं ठेवा. गळती, आवाज, तापमान बघा. बंद करून पूर्ण गार होऊ द्या. टॅपेट पुन्हा तपासा. जुन्या प्रकारचे हेड बोल्ट असतील तर मॅन्युअलप्रमाणे पुन्हा कसा.

१४. रनिंग

पहिले ५०० किमी रिंगा बसण्याचे. गाडी अर्ध्या लोडवर, वेग कमी-जास्त करत चालवा. जेऊर-करमाळा-टेंभुर्णी असा फेरा यासाठी योग्य, कारण त्यात गाव, सडक आणि थोडे चढ येतात. तासन्‌तास आयडलवर ठेवणं आणि वरच्या गिअरमध्ये कमी वेगानं ओढणं, दोन्ही टाळा. लग्नाचं भाडं या पंधरवड्यात घेऊ नका. ५०० किमीला ऑईल आणि फिल्टर बदला, जुनं ऑईल ताटात घेऊन पुन्हा चुंबक फिरवा. सुरुवातीला थोडे बारीक कण सापडणं स्वाभाविक आहे. चकाकणारे तुकडे सापडले तर गाडी तिथंच थांबवा.

१५. वही

१००० किमी झाले की कॉम्प्रेशन पुन्हा मोजा आणि बांधणीच्या आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. त्यानंतर दर महिन्याला तीन गोष्टी लिहीत जा: गरम इंजिनावरचा ऑईलचा दाब, ५०० किमीला किती ऑईल टाकावं लागलं, आणि भरलेल्या गाडीचं चढावरचं जास्तीत जास्त तापमान. यातला एखादा आकडा सलग दोन महिने एकाच दिशेनं सरकला, तर गाडी भाड्यावर पाठवण्याआधी मिस्त्रीला दाखवा. तापमान चढत असेल तर आधी रेडिएटर, ऑईल संपत असेल तर आधी एअर फिल्टर आणि ब्रीदर, दाब पडत असेल तर आधी ऑईलची गळती आणि फिल्टर. इंजिन खोलण्याचा विचार या तपासण्या झाल्यावर.